हप्ता तोच राहिला, मुदत मात्र आठ वर्षं वाढली

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

महापालिकेच्या प्रचारात यंदा रस्ते, पाणी आणि पूर यांच्या जोडीला घरकर्जाचा हप्ताही आला आहे. गेल्या आठवड्यात आमच्या चौकात दोन दिवसांच्या अंतरानं दोन कोपरा सभा झाल्या. पहिल्या सभेत वक्त्यांनी सांगितलं की, आमच्या सरकारच्या काळात वर्षभरात व्याजदर सव्वा टक्क्यानं उतरला, तुमचा हप्ता हलका झाला. दुसऱ्या सभेत दुसऱ्या पक्षाचे वक्ते म्हणाले की, याच सरकारच्या काळात व्याज अडीच टक्क्यांनी चढलं आणि सामान्य माणसाचं कंबरडं मोडलं. दोन्ही सभांना मी शेवटपर्यंत उभा होतो. दोघांचेही आकडे बरोबर आहेत. पण माझ्या कर्जाचं जे झालं, त्याबद्दल दोघांच्याही भाषणात अवाक्षर नव्हतं. म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबेल. आकडे मांडल्याशिवाय हे सांगता येणार नाही, आणि आकड्यांवरच माझं पोट आहे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात सत्तावीस वर्षं दिवाणजी आहे. सौदे झाले की वजनाच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. शेतकऱ्याची हिशेबपट्टी करायची, कीर्द लिहायची, खतावणी घालायची, मार्चअखेर बाकी जुळवायची, हे माझं काम. आता सगळं संगणकावर असलं तरी शेवटची बेरीज मी अजून हातानं करून पाहतो.

आमचं जुनं घर कर्नाळ रस्त्याच्या बाजूला होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो, तेव्हा बायकोचं शिलाई मशीन, मुलीच्या दहावीच्या वह्या, डब्यातलं धान्य, देव्हारा, सगळ्यावर एकाच रंगाचा गाळ होता. खराटा आणि फावडं घेऊन आम्ही तो बारा दिवस काढला. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा पंचावन्न फुटांच्या आसपास आलं. तेव्हा आई म्हणाली, "आता तिसऱ्यांदा चिखल काढायला मी नाही बसणार." ते घर पडत्या भावात विकलं आणि कुपवाड रस्त्याकडे उंचावर एक छोटा फ्लॅट घेतला. बायकोच्या नावावर घेतला, कारण महिलेच्या नावे खरेदीला मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट होती. बारा लाख रुपये कमी पडत होते.

त्या वेळी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं उसने पैसे देते तो दर, ४ टक्के होता आणि पगारदारांना बँका ७ टक्क्यांच्या आतबाहेर घरकर्ज देत होत्या. माझा पगार रोखीचा. पगारपत्रक नाही, प्राप्तिकराचं विवरणपत्रही तोवर कधी भरलं नव्हतं. दोन बँकांनी कागद परत दिले. शेवटी एका गृहवित्त कंपनीनं, म्हणजे बँक नसलेल्या पण घरकर्ज देणाऱ्या कंपनीनं, कर्ज दिलं. तिचं नाव इथे घेत नाही. भांडण एका कंपनीशी नाही, तिला जे करू दिलं जातं त्याच्याशी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये १२ लाख रुपये हातात आले. व्याज ९ टक्के, बदलतं. मुदत १५ वर्षं म्हणजे १८० हप्ते, हप्ता १२,१७१ रुपये. पहिला हप्ता जानेवारी २०२२ चा आणि शेवटचा डिसेंबर २०३६ चा. त्या वेळी मी एकसष्ट वर्षांचा असेन, तोवर हातपाय चालतील, असा हिशेब करूनच सही केली होती.

पुढे काय झालं ते आपल्या वाचकांना माहीत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. कच्चं तेल भडकलं, सूर्यफुलाचं तेल मिळेनासं झालं. एप्रिल २०२२ मध्ये देशातली किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेनं ठरलेली बैठक नसताना रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. मग जूनमध्ये, ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये, डिसेंबरमध्ये आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो वाढत गेला आणि ६.५० टक्क्यांवर थांबला. दहा महिन्यांत अडीच टक्के. माझ्या कर्जाचा दर त्याच्या पाठोपाठ चढला: जून २०२२ पासून ९.४०, सप्टेंबरपासून १०.४०, जानेवारी २०२३ पासून ११.२५ आणि मार्चपासून ११.५०. एक पैही मागे राहिली नाही.

हे मला त्या वेळी कळलं का? चार मेसेज आले होते, इंग्रजीत. "दर सुधारित केला आहे" एवढाच त्यांचा अर्थ. खात्यातून हप्ता मात्र दर महिन्याला १२,१७१ रुपयेच वळता होत होता. बातम्यांत लोक म्हणायचे की हप्ते वाढले, आणि मी पासबुक बघून म्हणायचो की आपला वाढला नाही, आपल्या कंपनीनं सांभाळून घेतलं. इथे माझीही चूक आहे, ती मी लपवत नाही. दुसऱ्यांची खाती रोज जुळवणाऱ्या माणसानं स्वतःचं खातं अडीच वर्षं उघडून पाहिलं नाही.

मे २०२४ मध्ये मार्चअखेरची धावपळ संपली आणि मी कंपनीच्या शाखेत जाऊन खातेउतारा मागितला. तिसऱ्या खेपेला मिळाला. एका रविवारी सकाळी फरशीवर बसून उलगडला. आई समोर लसूण सोलत होती. कर्ज घेतल्यापासून २९ हप्ते गेले होते, म्हणजे १५१ उरायला हवेत, हे मला तोंडपाठ होतं. उताऱ्यावर "उरलेले हप्ते" या रकान्यात २४६ लिहिलं होतं. मला वाटलं, छापताना चूक झाली असेल. मी वही घेतली आणि पहिल्या हप्त्यापासून व्याज लावत आलो. दुपारचं जेवण तसंच राहिलं. चार वाजता माझाही आकडा २४६ च आला.

२९ हप्त्यांत मी ३,५२,९५९ रुपये भरले होते. त्यातून मुद्दल फिटलं होतं ५१,५८५ रुपये. मार्च २०२३ ची एक ओळ मी आजही डोळे मिटून सांगू शकतो: हप्ता १२,१७१, पैकी व्याज ११,१६१, मुद्दल १,०१०. बायको बाजूला येऊन उभी राहिली, तिनं बोटानं ती ओळ दाखवून विचारलं, "म्हणजे बारा हजारांतले हजारच आपले?" मी मान हलवली. ती महिनाभर साड्यांना फॉल-पिको करून साडेपाच-सहा हजार मिळवते.

हप्ता वाढवायच्या ऐवजी कंपनीनं मुदत ९५ महिन्यांनी वाढवली होती. कर्ज संपायचं डिसेंबर २०३६ ऐवजी नोव्हेंबर २०४४ मध्ये. तेव्हा माझं वय एकोणसत्तर असेल. त्यांच्या नियमात सत्तरपर्यंत चालतं, म्हणून ते बसवलं. पंच्याण्णव जादा हप्त्यांचे होतात ११,५६,२४५ रुपये. मूळ कर्ज बारा लाखांचं होतं. म्हणजे दर तिथेच राहता तर त्याच घराचं जवळजवळ आणखी एक कर्ज मी फेडणार होतो.

आता दुसरी बाजू मांडतो. समजा मार्च २०२३ मध्ये मला बोलावून कुणी विचारलं असतं, "काका, व्याज वाढलं आहे. मुदत तीच ठेवायची असेल तर हप्ता १४,०४४ होईल, हप्ता तोच ठेवायचा असेल तर आठ वर्षं वाढतील, काय करू?" महिन्याला १,८७३ रुपयांचा फरक. डिसेंबर २०३६ पर्यंतच्या १६६ महिन्यांत मिळून ३ लाख ११ हजारांच्या आसपास. एका वाटेनं तीन लाख अकरा हजार, दुसऱ्या वाटेनं साडेअकरा लाख. वीस वर्षांनंतरच्या रुपयाला आजची किंमत नसते, हे मला कळतं, तरीही एवढा फरक त्यात विरघळत नाही. १,८७३ रुपये आम्ही कसेही उभे केले असते. नंतर केलेच. जून २०२४ पासून मी हप्ता वाढवून घेतला. तोवर आणखी पंधरा महिने वाया गेले होते, त्यामुळे तो १४,४२२ झाला. आता संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ मी दोन किराणा दुकानांची वह्या-खाती लिहितो. कामाची तक्रार नाही. मला विचारलं नाही, ही तक्रार आहे.

आणि ऑगस्ट २०२३ नंतर तर विचारणं हा उपकार राहिला नव्हता, तो नियम झाला होता. रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ रोजी सगळ्या बँका, सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांना परिपत्रक काढून सांगितलं आहे की, बदलत्या व्याजाच्या कर्जात दर बदलला तर कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, याचा पर्याय द्यायचा. मध्येच काही किंवा सगळी रक्कम भरायची मुभाही द्यायची. दर तिमाहीला उतारा द्यायचा आणि त्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हे सगळं कर्जदाराला कळेल असं लिहायचं. जुन्या कर्जांसाठीसुद्धा ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत हे लागू करायचं होतं. माझ्या दाराशी तसा एकही तिमाही उतारा आला नाही. आमच्या इमारतीत सोळा फ्लॅट आहेत, त्यातल्या अकरांवर कर्ज आहे. मी दर घरी जाऊन विचारलं. उरलेले हप्ते किती, हे फक्त दोघांना सांगता आलं.

राजकारण्यांनी यावर बोलावं, असं मला वाटतं. पण ते बोलतात रेपो दरावर, आणि तोही आपण ठरवतो अशा थाटात. रेपो दर सहा जणांची पतधोरण समिती ठरवते. २०१६ पासून ही व्यवस्था आहे. तिघं रिझर्व्ह बँकेचे, तिघं केंद्र सरकारनं नेमलेले. महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची, फार तर दोन टक्के वर, दोन टक्के खाली, हे त्यांना दिलेलं काम. २०२२ मध्ये सलग तीन तिमाही महागाई ६ च्या वर राहिली, तेव्हा कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी कारणं द्यावी लागली. त्यासाठी ३ नोव्हेंबर २०२२ ला खास बैठक झाली होती. म्हणून दर वाढवल्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. त्या वर्षी गोडेतेलाचा डबा आणताना बायकोचा चेहरा मी पाहिला आहे. महागाई तशीच चढू दिली असती तर हप्त्यात वाचलेलं किराण्यात गेलं असतं.

शिवाय आमच्याच घरात व्याजाच्या दुसऱ्या टोकाला आई बसली आहे. वडिलांच्या मागे राहिलेले चार लाख तिनं मे २०२३ मध्ये पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. वर्षभर आधी त्या योजनेचा दर ७.४ टक्के होता, तेव्हा तो ८.२ झाला होता. तिला दर तिमाहीला ८,२०० रुपये मिळतात. जुन्या दरानं ७,४०० मिळाले असते. औषधगोळ्या तिच्या त्याच पैशांतून येतात. ज्या महिन्यांत माझं व्याज साडेअकरावर गेलं, त्याच महिन्यांत आई पोस्टातून येऊन म्हणाली होती, "सरकारनं बरं केलं, व्याज वाढवलं." तिचंही बरोबर होतं. "व्याज कमी करा" अशी नुसती घोषणा देणाऱ्यानं माझ्या आईकडेही बघावं. सांगली जिल्ह्यात पतसंस्थांच्या जादा व्याजाला भुलून ज्यांच्या ठेवी बुडाल्या, अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. सुरक्षित ठिकाणी बरं व्याज मिळणं ही इथल्या म्हाताऱ्या माणसांची गरज आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हाच वाद दिल्लीत झाला. आपल्याकडे विधानसभेचं मतदान तोंडावर होतं. वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी रिझर्व्ह बँकेनं दर कमी करावेत असं जाहीरपणे सांगितलं, आणि भाजीपाल्याच्या महागाईकडे बघून व्याजदर ठरवू नये असं त्यांचं म्हणणं होतं. काही दिवसांत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही कर्जं परवडणाऱ्या दरात मिळायला हवीत असं सांगितलं. त्याआधीच्या ऑक्टोबरची महागाई ६.२१ टक्के निघाली होती आणि खाण्यापिण्याची दहाच्या वर. डिसेंबरच्या बैठकीत समितीनं दर ६.५० वरच ठेवला. सहापैकी दोघांनी कपातीच्या बाजूनं मत दिलं. विरोधक म्हणाले, सरकार दबाव आणतं आहे. सत्ताधारी म्हणाले, आम्ही सामान्यांची बाजू घेतो आहोत. महिनाभर वाहिन्यांवर तेच चाललं होतं, आणि मी ऐकत होतो, कारण माझं १४,४२२ चं ओझं त्या भांडणावर ठरणार आहे असं तेव्हा मला वाटत होतं.

मग २०२५ उजाडलं. फेब्रुवारीत रेपो दर ६.२५ झाला, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम ५.५०, आणि ५ डिसेंबरला ५.२५. पुन्हा दहाच महिने, या वेळी उतरणीचे. एकूण सव्वा टक्का. माझा दर किती उतरला? ११.५० वरून ११.२५. पाव टक्का. चढताना अडीचच्या अडीच, उतरताना सव्वातला पाव.

मी शाखेत गेलो. तिथली मुलगी चांगली होती, तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, "सर, तुमचा दर कंपनीच्या आमच्या स्वतःच्या दराला जोडलेला आहे, रेपोला नाही. नवीन ग्राहकांना आज ९ टक्क्यांपासून आहे. तुम्हाला कमी करून हवा असेल तर कन्व्हर्जन फी भरावी लागेल." ही फी म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेच्या अर्धा टक्का, वर १८ टक्के जीएसटी. माझी बाकी पावणेअकरा लाखांच्या आसपास आहे, तेव्हा सहा हजार तीनशेच्या पुढे. मी तिला विचारलं, "दर वाढवलात तेव्हा मला काही फी दिली होती का?" ती काही बोलली नाही. तिच्या हातात नव्हतंच ते.

हा फरक नियमातच आहे, आणि प्रचारातल्या भाषणांत मला नेमका तोच ऐकायचा होता. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या व्याजाची नवी घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. म्हणून बँकेचं कर्ज असलेल्या माझ्या मेहुण्याला २०२५ मधली प्रत्येक कपात मिळत गेली. पण हा नियम गृहवित्त कंपन्यांना नाही. नागरी सहकारी बँकांनाही नाही. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच येत नाहीत. आता सांगली, मिरज, कुपवाड, इस्लामपूर, विटा, तासगाव इथे घर बांधणारा माणूस कोण आहे ते बघा. यंत्रमागवाला, वडापवाला, गवंडी, हमाल, टेलर, अडतीतला दिवाणजी. त्याच्याकडे पगारपत्रक नसतं. तो सहकारी बँकेकडे, पतसंस्थेकडे नाही तर कंपनीकडे जातो. म्हणजे ज्याला आधीच दोन टक्के जादा व्याज पडतं, त्यालाच उतरणीचा फायदा मिळायची हमी नाही. दर कमी केल्याचं श्रेय घेणाऱ्यांनी तो कुणापर्यंत पोचला, हेही विचारायला हवं. आणि दर वाढवल्याबद्दल बोट दाखवणाऱ्यांनी, वाढवताना मुदत कुणाच्या संमतीनं ताणली, हे संसदेत विचारायला हवं होतं.

आमच्या पेठेचं एक उदाहरण देतो. शेतकरी राजापुरी हळद घेऊन येतो. सौद्यात दर फुटतो, वजन होतं, आणि मी त्याला पट्टी देतो. पट्टीवर पोती किती, वजन किती, दर काय, हमाली किती, तोलाई किती, हातात किती, सगळं मराठीत लिहिलेलं असतं. तो तिथेच उभा राहून वाचतो, न कळलं तर विचारतो, आणि पैसे घेतो. आठशे रुपयांच्या हमालीचा हिशेब मी त्याला तोंडावर देतो. मग बारा लाखांच्या कर्जाची मुदत आठ वर्षांनी ताणताना माझ्या हातात मराठीतला एक कागद द्यायला काय हरकत होती?

त्या दुसऱ्या सभेनंतर मी वक्त्यांना गाठलं आणि उताऱ्याची झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती मोबाइलच्या उजेडात नीट पाहिली, हे मी मान्य करतो. मग म्हणाले, "काका, हे दिल्लीचं काम आहे, महापालिकेत आम्ही काय करणार?" मी म्हणालो, "मग भाषणात दिल्लीचं श्रेय आणि दिल्लीचा दोष कशाला आणता? आणलाच आहे तर तुमच्या खासदारांपर्यंत हा कागदही न्या." त्यांनी झेरॉक्स खिशात घातली. पहिल्या सभेच्या वक्त्यांनाही एक प्रत दिली आहे.

माझं मागणं दोन्हीकडच्या लोकांना सारखंच आहे, आणि ते "व्याज कमी करा" असं नाही. दर चढेल, उतरेल, ते समिती बघेल. पण बँकांना जो २०१९ चा नियम आहे, तो घरकर्जापुरता गृहवित्त कंपन्यांना आणि सहकारी बँकांना लावा. जुन्या कर्जदाराला उतरलेला दर मिळण्यासाठी पैसे भरायला लावू नका. आणि कर्जदाराची सही घेतल्याशिवाय मुदतीत एक महिनाही वाढवता येऊ नये, तो कागद मराठीत असावा. पर्याय द्या असं परिपत्रकात म्हटलेलं आहेच, पण कर्जदार गप्प राहिला तर काय, तिथे पळवाट राहते. गप्प राहिलेल्याची मुदत वाढते. प्राप्तिकरातल्या व्याजाच्या वजावटीचं मला कुणी सांगू नये. माझं उत्पन्न कराच्या रेषेखाली आहे, त्या सवलतीतला एक रुपयाही माझ्या घरात येत नाही.

ज्या वाचकांवर घरकर्ज आहे, त्यांना हात जोडून सांगतो, हप्त्याची रक्कम बघून निर्धास्त होऊ नका. आपल्या शाखेत जाऊन खातेउतारा मागा आणि त्यातला "उरलेले हप्ते" हा रकाना बघा. कर्ज घेताना ठरलेल्या एकूण हप्त्यांतून भरलेले वजा करा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर लेखी अर्ज देऊन हप्ता वाढवून मुदत पूर्ववत करायला सांगा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. बदलत्या व्याजाच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे दुसरीकडे कमी दर मिळत असेल तर कर्ज हलवता येतं. मीही त्याच खटपटीत आहे. २०२४ पासून विवरणपत्र भरायला लागलो आहे, कारण बँका दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. कंपनीबद्दल तक्रार असेल तर एक गोष्ट मला उशिरा कळली ती सांगून ठेवतो: रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या लोकपाल योजनेत गृहवित्त कंपन्या येत नाहीत. त्यांची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे करावी लागते. मी चुकीच्या दारावर दीड महिना घालवला.

आमच्या इमारतीतल्या अकरापैकी सात जणांनी आपापले उतारे मागवले आहेत, चौघांचे आले. रविवारी सकाळी ते माझ्याकडे बसतात. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या रिक्षावाल्या भावाचा उतारा मांडला. त्याचे बासष्ट हप्ते वाढलेले निघाले. त्यानं त्याच दिवशी अर्ज लिहिला, मी तो वाचून दुरुस्त केला, सोमवारी तो देऊन आला.

आपला,
मार्केट यार्डातील एक दिवाणजी,
कुपवाड रस्ता, सांगली